दवाखाना आणि कॉलेज एकाच कायद्यात : अमेरिकेतल्या वादातून आपण काय शिकायचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

'आरोग्य आणि शिक्षणाचं खाजगीकरण' हा आजचा विषय ठरला तेव्हा मी म्हटलं, मी अमेरिकेवर बोलते. त्यावर एकीने लगेच विचारलं, "आपल्याकडे सरकारी दवाखान्यात औषध मिळेना, आणि तू अमेरिकेचं काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. पण आजारपणासाठी विमा काढा आणि शिक्षणासाठी कर्ज काढा, हा जो सल्ला आपल्याला आता उठताबसता मिळतो, तो तिथे साठ-सत्तर वर्षं जुना आहे. त्या वाटेवर अमेरिका आपल्या फार पुढे आहे. तिथे बायकांचं काय झालं हे पाहिलं, तर आपल्याला आपली वाट नीट दिसेल.

३० मार्च २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामांनी एका कायद्यावर सही केली. त्याच्या नावातच आरोग्य आणि शिक्षण हे दोन्ही शब्द आहेत. आठवडाभर आधी, २३ मार्चला, त्यांनी आरोग्य विम्याच्या मुख्य कायद्यावर सही केली होती. या दुसऱ्या कायद्याने पहिल्यात दुरुस्त्या केल्या आणि त्याबरोबरच विद्यार्थ्यांच्या कर्जाची सगळी व्यवस्था बदलली. दवाखाना आणि कॉलेज एकाच कायद्यात कसे आले, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली. मग कामगार टिकवण्यासाठी कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले. पुढे त्या विम्यावर करसवलत मिळाली आणि आजारपण नोकरीला कायमचं बांधलं गेलं. १९४५ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा सुचवला. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने 'हा समाजवाद आहे' असा गिल्ला करून तो पाडला. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. मधले लोक मात्र नोकरी आणि बाजार यांच्या भरवशावर राहिले. १९९३-९४ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या पुढाकाराने झालेला प्रयत्नही विमा कंपन्यांनी जाहिरातींचा मारा करून हाणून पाडला. २०१० साली त्या श्रीमंत देशात साडेचार कोटींहून जास्त माणसं विम्याशिवाय जगत होती.

नोकरीतून विमा याचा बायकांसाठी अर्थ काय? अर्धवेळ काम करणारी, घरकाम करणारी, मूल झालं म्हणून काही वर्षं घरी राहिलेली बाई विम्याबाहेर. कितीतरी जणींचा विमा नवऱ्याच्या नोकरीतून येतो, म्हणजे घटस्फोट घ्यायचा तर विम्याचाही विचार करायचा. कायद्याने तो काही काळ चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरून.

आणि स्वतः बाजारात जाऊन विमा घ्यायचा म्हटलं तर? २०१० पूर्वी बहुतेक राज्यांत कंपन्या त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईकडून जास्त हप्ता घेऊ शकत. अशा बहुतेक विम्यांत बाळंतपणाचा खर्च धरलेलाच नसे. गरोदर असणं हा 'आधीपासूनचा आजार' मानून विमा नाकारला जाई. आधीचं बाळंतपण सिझेरियनने झालं असेल, तरी नाकारल्याची उदाहरणं पुढे आली. काही राज्यांत नवऱ्याची मारहाण सोसलेली असणं हेसुद्धा विमा नाकारण्याचं कारण ठरू शकत होतं, कारण तशी मनाई करणारा कायदाच तिथे नव्हता. म्हणजे मार खाल्ला म्हणून ती धोक्याची गिऱ्हाईक!

२००९ मध्ये वाद सुरू झाला तेव्हा पहिली गोष्ट अशी झाली की, सर्वांना सरकारी विमा या मागणीला चर्चेच्या टेबलावर जागाच मिळाली नाही. त्या मे महिन्यात सिनेटच्या अर्थसमितीच्या बैठकीत काही डॉक्टर, परिचारिका आणि कार्यकर्ते उभे राहून विचारू लागले की आमचा माणूस तुमच्या टेबलावर का नाही. त्यांना अटक करून बाहेर नेलं. पुढे डिसेंबरात, खाजगी कंपन्यांच्या बरोबरीने एक सरकारी विमा कंपनी असावी ही मवाळ मागणीही मतांच्या गणितात सोडून दिली गेली.

सप्टेंबर २००९ मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. प्रत्येक विम्यात बाळंतपण असलंच पाहिजे यावर समितीत चर्चा चालली होती. सिनेटर जॉन काइल म्हणाले, मला काही बाळंतपणाची सेवा लागत नाही. ती सक्तीची केली तर माझा विमा महाग होईल. सिनेटर डेबी स्टॅबेनॉ यांनी तिथल्या तिथे सुनावलं की तुमच्या आईला बहुधा लागली असेल. सगळे हसले. पण काइलसाहेब बोलले ते बाजाराच्या न्यायाने अगदी बरोबर होतं. जो वापरतो त्याने पैसे द्यावेत, हा बाजाराचा न्याय. मूल ही मग बाईची खाजगी खरेदी ठरते. समाजाला उद्याची माणसं बाईच देते, हे त्या हिशोबात कुठे बसतच नाही.

तिथल्या बायकांनी हे गप्प बसून पाहिलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये सिनेटर बार्बरा मिकल्स्की यांनी आणलेली स्त्री-आरोग्याची दुरुस्ती ६१ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाली. तिच्यामुळेच पुढे २०१२ पासून गर्भनिरोधकं आणि बायकांच्या प्रतिबंधक तपासण्या विम्यात वेगळे पैसे न भरता मिळू लागल्या. २०१४ पासून बाईकडून जास्त हप्ता घ्यायला बंदी झाली, आजाराच्या कारणाने विमा नाकारणं थांबलं आणि बाळंतपण आवश्यक सेवांच्या यादीत आलं. मैत्रिणींनो, ही लहान मिळकत नाही.

पण किंमतही मोजावी लागली. ७ नोव्हेंबर २००९ च्या रात्री प्रतिनिधीगृहात स्टुपॅक दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ मतांनी मंजूर झाली. सरकारी मदतीने घेतलेल्या विम्यात गर्भपात नको, हा तिचा आशय. तो मजकूर जसाच्या तसा शेवटच्या कायद्यात आला नाही. पण मुख्य कायद्यावर प्रतिनिधीगृहात २१ मार्चला मतदान झालं ते २१९ विरुद्ध २१२ असं काठावरचं. ही मतं जमवण्यासाठी ओबामांनी गर्भपातावर सरकारी पैसा खर्च होणार नाही असा आदेश काढण्याचं कबूल केलं. तडजोडीत शेवटी सोडला गेला तो बाईचा हक्क! कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित बायकांनाही कायद्याने बाहेर ठेवलं. सरकारी विमा बाजारात स्वतःचे पैसे भरूनही त्यांना विमा घेता येत नाही.

आता कर्जाकडे वळू. १९६५ च्या उच्चशिक्षण कायद्यापासून तिथे अशी सोय होती की खाजगी बँकांनी विद्यार्थ्यांना कर्ज द्यायचं, सरकारने बँकांना वर अनुदान द्यायचं, आणि कर्ज बुडालं तर जवळजवळ सगळी भरपाईही सरकारने करायची. नफा बँकेचा, जोखीम जनतेची. २०१० च्या कायद्याने हे मधले दलाल काढले. १ जुलै २०१० पासून नवी कर्जं सरकार थेट देऊ लागलं. यातून दहा वर्षांत सुमारे ६१ अब्ज डॉलर वाचतील असा हिशोब होता. त्यातला मोठा भाग, ३६ अब्ज, गरीब विद्यार्थ्यांच्या 'पेल' अनुदानाला मिळाला. नव्या कर्जदारांच्या एका गटासाठी हप्त्याची मर्यादा, खर्चापुरतं वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायचंही ठरलं.

हे दोन विषय एकत्र आले ते तत्त्वाच्या ओढीने नाही, हे लक्षात घ्या. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरल्यावर सिनेटमध्ये डेमोक्रॅट पक्षाची ६० मतं राहिली नाहीत, आणि तेवढ्यांशिवाय विरोधक विधेयक अडवून धरू शकतात. एक आडवाट होती. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक साध्या बहुमताने मंजूर होतं. म्हणून आरोग्याच्या दुरुस्त्या आणि कर्जाची सुधारणा एकाच गाडीत बसवून नेल्या.

पण मला वाटतं, एकत्र येण्यात एक खोल अर्थ आहे, मग तो त्यांच्या मनात असो वा नसो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : ओझं कोणी उचलायचं? समाजाने नाकारलेलं ओझं नाहीसं होत नाही, ते घरावर येतं. घरात ते कोणाकडे सरकतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रुग्णालयाने लवकर घरी पाठवलेल्या म्हाताऱ्याचं बाईच करते. कर्जाचंही तसंच. २०१७ च्या एका अहवालानुसार अमेरिकेतल्या विद्यार्थी कर्जाचा जवळजवळ दोनतृतीयांश बोजा बायकांवर आहे. पुरुषाला एक डॉलर मिळतो तेव्हा पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला २०१० साली ७७ सेंट मिळत होते. कर्जाचा हप्ता ठरवताना बँक हा फरक पाहत नाही. कमी पगारातून फेड लांबते, व्याज वाढतं. दिवाळं काढूनही हे कर्ज सहसा सुटत नाही. १९७६ पासून तिथले कायदे ती वाट एकेक करून बंद करत आले.

पुढची कथा तुम्हाला ओळखीची वाटेल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडासारख्या मोठ्या राज्यांनी तो केलाच नाही. २०१४ मध्ये काही मालकांना धर्माच्या कारणाने गर्भनिरोधकं विम्यातून वगळण्याची मुभा मिळाली. २०१७ मध्ये कायदाच रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये थोडक्यात फसला. तेव्हा जॉन मॅकेन यांच्या एका मताचं फार कौतुक झालं. त्याच पक्षाच्या सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की पहिल्यापासून विरोधात उभ्या होत्या, त्यांची नावं मागे पडली. हेही आपल्याला नवं नाही! २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. २०२३ मध्ये अध्यक्ष बायडेन यांची कर्जमाफी न्यायालयाने रद्द केली.

आणि २०२५ मध्ये ज्या आडवाटेने हे आलं होतं, त्याच आडवाटेने बरंचसं परत गेलं. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात पुन्हा आरोग्य आणि विद्यार्थी कर्ज एकत्र आहेत, मात्र उलट्या दिशेने. सिनेटमध्ये ५०-५० मतं पडली आणि उपाध्यक्षांच्या एका मताने तो मंजूर झाला. त्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशोब आहे. मेडिकेडचा विस्तार झाला तिथल्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यायचा आहे. लहान मुलांच्या पालकांना सूट आहे, पण मूल चौदा वर्षांचं झालं की ती संपते. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट या ८० तासांत धरत नाहीत. 'घरकाम हे काम आहे' ही आपली जुनी घोषणा तिथे आता औषधाच्या चिठ्ठीशी जोडली गेली आहे.

याच कायद्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जावर १ जुलै २०२६ पासून नव्या मर्यादा ठरवल्या. 'व्यावसायिक' अभ्यासक्रमाला एकूण दोन लाख डॉलर, इतरांना एक लाख. व्यावसायिक म्हणजे कोण? नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीत जी व्याख्या ठरली तिच्यात डॉक्टर आणि वकील होते, नर्सिंग नव्हतं. परिचारिकांच्या संघटनांनी जोरदार हरकत घेतली. तिथेही परिचारिका बहुसंख्येने बायकाच आहेत. दवाखाना आणि कॉलेज हे दोन्ही प्रश्न त्या एकाच बाईच्या अंगावर येऊन पडले आहेत.

यात आपल्या मुलीही आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या मराठी बायकांचा तिथे राहण्याचा हक्क आणि बहुतेकींचा विमा, दोन्ही नवऱ्याच्या नोकरीला बांधलेले असतात. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींनाच कामाची परवानगी मिळाली. मारहाण होत असताना ती बाई घर सोडत का नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. शिकायला जाणाऱ्या मुलींना तर तिथलं सरकारी कर्ज मिळतच नाही. त्या इथूनच, बहुधा वडिलांचं घर तारण ठेवून कर्ज काढतात. मुलासाठी तारण ठेवलेलं घर मुलीसाठी ठेवताना किती चर्चा होते, ते मी अनेक घरांत ऐकलं आहे.

मग यातून घ्यायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विमा म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. विमा पत्रिका हातात आहे आणि दवाखाना जवळ नाही, तर ती पत्रिका कागदच. आपल्याकडच्या विमा योजनांकडेही याच नजरेने पाहायला हवं. दुसरी, अर्थसंकल्प हा आपला विषय आहे. तिथे बायकांचे हक्क आकड्यांच्या विधेयकातून आले आणि आकड्यांच्याच विधेयकातून गेले. ज्या गटांना आकडे वाचता येत होते त्यांनी ते आधी ओळखलं. तिसरी, तडजोड करावी लागते हे मान्य. पण कोणाला बाहेर ठेवून ती होते, हे त्याच दिवशी मोठ्याने म्हणायला हवं. कागदपत्रं नसलेली मोलकरीण एकदा कायद्याबाहेर राहिली, ती पंधरा वर्षांनंतरही बाहेरच आहे.

आपापल्या गटात परत गेल्यावर एक करून पाहा. वस्तीतल्या दहा घरांत विचारा की गेल्या वर्षी आजारपण आणि शिक्षण यांसाठी किती कर्ज झालं, त्यासाठी कोणाचे दागिने गेले, कोणाची शाळा सुटली आणि कोणी कामाची नोकरी सोडली. नावं लिहू नका, आकडे लिहा. पुढच्या बैठकीला ते घेऊन या. चर्चा तिथून सुरू करू.