झेरॉक्सचं मशीन, दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून



आपल्या भागातल्या बऱ्याच बचत गटांनी आता झेरॉक्सचं काम सुरू केलं आहे. कुणी ग्रामपंचायतीशेजारी खोली घेतली, कुणी शाळेच्या रस्त्यावर टेबल मांडलं. सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक, लेकरांचे दाखले, काहीही असो, प्रत लागतेच. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत तर रांग लागते. नेमकं तेव्हाच मशीन बंद पडलं तर काय होतं, ते आपण सगळ्या जाणतो. गिऱ्हाईक तालुक्याला जातं, त्याचा एसटीचा खर्च होतो, दिवसाचा रोज बुडतो. आपल्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो.

म्हणून आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत आम्ही तालुक्याच्या एका प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या दादांना बोलावलं. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन अशी तिन्ही कामं करणारी छोटी मशीनं ते वर्षानुवर्षं उघडत आले आहेत. त्यांनी टेबलावर एक मशीन खोलून दाखवलं. आम्ही जे पाहिलं आणि विचारलं, ते आज तुम्हाला सांगतो. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी मशीनच्या पोटात काय चालतं ते पाहू. झेरॉक्स हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कोरडा’. कोरड्या पुडीनं प्रत काढायची ही रीत अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी शोधली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला, त्यावर प्रकाश टाकला, बारीक पूड शिंपडली, ती मेणकागदावर उचलली आणि गरम करून चिकटवली. आजच्या लेझर मशीनमध्ये हीच कामं होतात. पत्र्याच्या जागी गोल ड्रम आला. पुडीच्या जागी टोनर आला, म्हणजे प्लास्टिकची अगदी बारीक काळी भुकटी. शेवटी गरम रोलर ती भुकटी वितळवून कागदावर बसवतो. त्याला फ्यूजर म्हणतात आणि तो जवळपास दोनशे अंशांपर्यंत तापतो. रांगोळी काढली आणि वरून इस्त्री फिरवली, असं समजा.

म्हणजे झिजणाऱ्या गोष्टी चार: कागद ओढणारा रबरी रोलर, टोनर, ड्रम आणि फ्यूजर. दादा म्हणाले, “ताई, दुकानात तुम्ही मशीनची किंमत विचारता. मी या चार गोष्टींची किंमत विचारतो.”

आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. मशीन २०,००० रुपयांचं आणि रोज ५० प्रती. वर्षाचे ३०० दिवस धरले तर चार वर्षांत ६०,००० प्रती होतात. म्हणजे एका प्रतीमागे मशीनचे ३३ पैसे. टोनर भरायला ४०० रुपये आणि त्यात १,००० प्रती निघाल्या, तर ४० पैसे. कागदाचं रीम २८० रुपयांना, म्हणजे एका कागदाचे ५६ पैसे. चार वर्षांची दुरुस्ती ९,००० रुपये धरली तर १५ पैसे. बेरीज झाली १ रुपया ४४ पैसे. दोन रुपयांना प्रत दिली तर हातात उरले ५६ पैसे. त्यातच वीज, भाडं आणि बसणाऱ्या बाईची मजुरी. आता एक कागद खराब गेला तर पाहा, दोन चांगल्या प्रतींची कमाई त्यात जाते.

टोनरच्या डब्यावर ‘१,००० पानं’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा पानाचा साधारण पाच टक्के भागच काळा होईल असं धरून काढलेला असतो, म्हणजे थोडा मजकूर लिहिलेलं पत्र. आधारकार्डावरचा फोटो किंवा शिक्क्यांनी भरलेला जुना दाखला याला कितीतरी जास्त टोनर लागतो. आणि झाकण उघडं ठेवून कार्डाची प्रत काढली की आजूबाजूची जागाही काळी छापली जाते. झाकण लावायचं, एवढ्यानंही टोनर वाचतो. कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर घेण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती शिकून घ्या.

आता लेझर घ्यावं की शाईच्या टाकीचं? दादांनी सरळ उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, “रोज किती प्रती, रंगीत किती, आणि लाईट किती वेळ जाते?” लेझरची छपाई पाण्यानं फिसकटत नाही, महिनाभर बंद ठेवलं तरी टोनर वाळत नाही. पण फ्यूजर तापताना वीज एकदम जास्त ओढतो. त्यामुळे घरगुती छोट्या इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लेझर मशीन लावायचं नाही. शाईच्या मशीनला वीज फार थोडी लागते, रंगीत प्रत स्वस्त पडते. पण वापर नसेल तर शाई वाळून बारीक छिद्रं बुजतात. मग सफाईचं बटण दाबावं लागतं, त्यात शाई वाया जाते आणि ती वाया गेलेली शाई शोषणारा स्पंज लवकर भरतो. म्हणून आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढावं. आणि हे मशीन भिंतीवरच्या बटणानं बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करावं, म्हणजे छिद्रांवर झाकण नीट बसतं.

घेण्याआधी दुकानदाराला पाच प्रश्न विचारा. ड्रम टोनरसोबत येतो की वेगळा, आणि त्याची किंमत काय? ओढणारा रोलर वेगळा बदलता येतो का? महिन्याला किती प्रती काढाव्यात अशी कंपनीची शिफारस आहे? कारण जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती कमाल मर्यादा. शिफारशीचा आकडा त्याहून बराच कमी असतो. चौथा प्रश्न, वॉरंटीत माणूस गावात येणार की मशीन आपण उचलून न्यायचं? पाचवा, सुटे भाग तालुक्यात मिळतात का? उत्तरं बिलावर किंवा कोटेशनवर लिहून घ्या. एका गटाला दुकानदारानं तोंडी सांगितलं होतं की “माणूस घरी येईल”. मशीन अडलं तेव्हा ते टेम्पोनं जिल्ह्याला न्यावं लागलं, भाडं गटाच्या पेटीतून गेलं.

दादांच्या अनुभवात ‘मशीन बिघडलं’ म्हणून आलेल्या बोलावण्यांत कागदाचाच दोष पुष्कळदा निघतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो, दोन-दोन ओढले जातात. उघडलेलं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, फरशीवर ठेवू नका. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा फडफडवून मोकळा करा. कागद हलका तर नाही ना, हे किराणाच्या काट्यावर कळतं. ए-फोर आकाराचं ५०० कागदांचं रीम ७५ जीएसएमचं असेल तर वेष्टन सोडून सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरलं पाहिजे. ७० जीएसएमचं २ किलो १८० ग्रॅमच्या आसपास भरतं. आम्ही वाणसामानाच्या काट्यावर ठेवून पाहिलं, हिशोब जुळला.

आता बिघाड ओळखायची रीत. ही सगळ्यांत कामाची गोष्ट आहे.

प्रतीवर उभी काळी रेघ येते? तोच कागद एकदा वरच्या फीडरमधून आणि एकदा काचेवर ठेवून काढा. फीडरमधूनच रेघ येत असेल तर मोठ्या काचेशेजारच्या अरुंद पट्टीवर व्हाईटनरचा किंवा डिंकाचा ठिपका असतो. मऊ ओलसर कापडानं पुसा, काम झालं. दोन्हीकडून येते, कॉम्प्युटरवरून छापलं तरी येते? मग दोष टोनर किंवा ड्रमचा.

एकच डाग पानावर सारख्या अंतरानं पुन्हा पुन्हा येतो? पट्टीनं अंतर मोजा. डाग पडलेला रोलर एक फेरा घेतो तेवढं ते अंतर असतं. बऱ्याच छोट्या मशीनचा ड्रम २४ किंवा ३० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणून साधारण ७५ किंवा ९४ मिलिमीटरवर डाग आला तर संशय ड्रमवर. हे अंतर फोनवर सांगितलं तर येणारा माणूस योग्य भाग सोबत घेऊन येतो. दुसरी फेरी वाचते, दुसऱ्या फेरीचे पैसेही वाचतात.

बोटानं घासल्यावर अक्षर निघतं? कागद जाड किंवा ओला आहे का पाहा. तसं नसेल तर फ्यूजर. कागद ओढलाच जात नाही? रबरी रोलरवर कागदाची धूळ बसलेली असते. मशीन बंद करून, प्लग काढून, ओलसर कापडानं रोलर पुसा.

अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं, सावकाश ओढा. फाटला तर तुकडा शोधल्याशिवाय मशीन सुरू करू नका. आत सुरी, पिन, उलथनं घालायचं नाही. मागचा भाग गरम असतो, तो थंड होऊ द्या. ड्रम उजेडात उघडा ठेवू नका. टोनर सांडला तर फुंकर मारू नका. कोरड्या कापडानं टिपा आणि हात थंड पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं तो चिकटतो.

टोनर भरून घ्यावा का? घ्या, पण जुनी वाया गेलेली भुकटी काढून मगच नवी भरायला सांगा आणि समोर उभ्या राहा. भुकटी दुसऱ्याच जातीची असली तर ती नीट वितळत नाही, आणि त्याचा भुर्दंड ड्रम-फ्यूजरला बसतो.

आणखी एक. लोक आपल्याकडे आधार, बँकेचे कागद विश्वासानं देतात. मूळ कागद काचेवर राहिला का, ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे झाकण उघडून पाहा. बिघडलेली प्रत बारीक फाडा, भेळेच्या पुड्याला जाऊ देऊ नका. स्कॅन केलेलं कॉम्प्युटरवरून त्याच दिवशी पुसा.

पुढच्या बैठकीत एक वही घाला. मशीनमधून एकूण छापलेल्या पानांचा आकडा काढता येतो. रोज संध्याकाळी तो लिहा. शेजारी किती पैसे आले, किती कागद खराब गेले, टोनर कधी भरला, काय बिघडलं, ते लिहा. दर महिन्याला एका प्रतीचा खर्च काढा. मशीन दोघींनी तरी चालवायला शिकलं पाहिजे, म्हणजे एकीच्या घरी लग्न निघालं तरी दुकान उघडं राहील. आणि रोजच्या गल्ल्यातून प्रतीमागे १५ पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढा. ड्रम बदलायची वेळ येईल तेव्हा कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

दादा निघताना आमच्यातल्या एकीनं विचारलं, “आम्ही एवढं शिकलो तर तुमचं काम कमी होणार नाही का?” ते हसून म्हणाले, “पुसण्याचं काम कमी होऊ दे. दुरुस्तीचं आहेच की.”

तुमच्या गटाचा एका प्रतीचा खर्च किती निघतो, ते आम्हाला रेडिओ केंद्रावर नक्की कळवा.