जपानचा रोजचा दिवस

जपानचा प्रवास करून परत आलेला मनुष्य आपल्या स्नेह्यांना तेथील हकीकत सांगू लागला, म्हणजे त्याच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येते. रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, माणसे अदबशीर, हरवलेले पाकीट पैशांसकट परत मिळालेले, एवढे सारे सांगून झाल्यावर तो म्हणतो, "शिस्त त्यांच्या रक्तातच आहे हो!" ऐकणारेही माना डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. वरवर पाहता हे वाक्य जपानी लोकांची स्तुती करणारे आहे. परंतु त्याच्या पोटात एक सोयीस्कर अर्थ दडलेला असतो. जी गोष्ट रक्तातच असते ती कोणाला शिकता येत नाही. आणि जी शिकता येत नाही, ती का शिकला नाही असा जाब कोणी कोणाला विचारू शकत नाही. दुसऱ्याची स्तुती आणि स्वतःची सुटका अशी दोन्ही कामे ह्या एका वाक्याने होतात. तेव्हा ते कितपत खरे आहे, हे जपानी माणसाच्या साध्यासुध्या दिवसाकडे पाहून एकदा तपासलेले बरे.

ह्या दिवसाची सुरुवात नभोवाणीच्या श्रोत्यांना जवळची वाटेल अशीच आहे. रोज सकाळी साडेसहा वाजता जपानच्या राष्ट्रीय नभोवाणीवरून पियानोचे सूर निघतात आणि त्या तालावर व्यायामाच्या सूचना दिल्या जातात. एखाद्या बागेत वा देवळाच्या आवारात जमलेली वृद्ध मंडळी त्याबरहुकूम हात वर करतात, कमरेत वाकतात, जागच्या जागी उड्या मारतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलेही येतात. त्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेले एक कार्ड असते आणि व्यायाम झाल्यावर त्यावर हजेरीचा शिक्का मिळतो. पाहणाऱ्याला वाटते, ही फार पुरातन परंपरा असावी. वस्तुतः हा कार्यक्रम १९२८ साली सुरू झाला, तोही टपालखात्याच्या विमा विभागाच्या पुढाकाराने. आणि मूळ कल्पना अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या अशाच कार्यक्रमावरून उचललेली होती. विमेदार निरोगी राहिले तर विमा चालविणाऱ्याचाही लाभ, असा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता. महायुद्धानंतर काही वर्षे हा व्यायाम बंद पडला आणि १९५१ साली नव्या संगीतासह पुन्हा सुरू झाला. ज्याला परंपरा समजावे, त्याला जन्मसाल आहे, खाते आहे आणि हेतूही आहे.

व्यायाम आटोपून माणसे घराकडे वळतात, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्या रचलेल्या दिसतात. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवावयाचा, हे प्रत्येक नगरपालिकेने ठरवून दिलेले असते. जळणारा कचरा एका दिवशी, न जळणारा दुसऱ्या, बाटल्या आणि डबे तिसऱ्या, जुनी वर्तमानपत्रे दोरीने नीट बांधून आणखी एखाद्या दिवशी. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून वर जाळी पसरतात. गाडी येऊन गेल्यावर ती जाळी उचलून जागा झाडून काढण्याचे काम शेजारची घरे पाळीपाळीने करतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाला नेत नाही. तिच्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवून ती तेथेच राहते, आणि ती कोणाची हे सगळ्या आळीला ठाऊक असते. शिकोकू बेटावरील कामिकात्सु नावाच्या डोंगरी गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. तेथे कचऱ्याचे वर्गीकरण चाळिसाहून अधिक प्रकारांत होते आणि लोक तो स्वतः केंद्रावर आणून देतात.

हे पाहून प्रवासी थक्क होतो. परंतु पन्नास-साठ वर्षे मागे गेले तर चित्र निराळे दिसते. टोकियोतून वाहणारी सुमिदा नदी तेव्हा इतकी घाण झाली होती की तिच्या काठी शतकानुशतके होत आलेला दारूकामाचा उत्सव १९६१ नंतर बंद पडला. वाहनांची गर्दी आणि नदीची दुर्गंधी, ही त्याची दोन कारणे होती. पुढे नदी सुधारली आणि १९७८ साली उत्सव पुन्हा सुरू झाला. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून राजधानी स्वच्छ करण्याची मोठी मोहीम काढावी लागली. रस्त्यावर थुंकू नका, कोठेही लघवीला उभे राहू नका, असे त्या काळी टोकियोच्या नागरिकांना सांगावे लागत होते.

एवढ्यानेही प्रश्न सुटला नाही. शहराचा बहुतेक कचरा कोतो ह्या समुद्रकाठच्या प्रभागात नेऊन टाकीत. तेथील लोकांनी दुर्गंधी आणि माश्यांचे थवे वर्षानुवर्षे सोसले. इतर प्रभाग मात्र आपल्या हद्दीत भट्टी बांधू द्यावयास तयार नव्हते. १९७१ साली टोकियोचे राज्यपाल र्योकिची मिनोबे ह्यांनी ह्या प्रकरणाला 'कचऱ्याचे युद्ध' असेच नाव दिले. सुखवस्तु वस्तीच्या सुगिनामी प्रभागात भट्टीला कडवा विरोध झाला, तेव्हा १९७३ साली कोतोच्या लोकप्रतिनिधींनी आणि रहिवाशांनी सुगिनामीच्या गाड्या रस्त्यातच अडविल्या. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्याचा हक्क कोणालाही नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वाटाघाटी आणि कोर्टातील तडजोड ह्यांतून मार्ग निघाला आणि १९८२ साली सुगिनामीची भट्टी बांधून पुरी झाली. आज गल्लीच्या तोंडाशी मुकाट्याने पिशवी ठेवणारी आजीबाई ह्या भांडणाची वारस आहे. तिची शिस्त उपजत असती, तर हे युद्ध झालेच नसते.

ह्या सवयी मुलांच्या अंगी बाणतात त्या शाळेत. दुपारी जेवणाची वेळ झाली की वर्गातील पाळीची मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालतात, स्वयंपाकघरातून भाताची आणि सूपाची भांडी आणतात आणि सोबत्यांना वाढतात. शिक्षकही त्याच वर्गात, तेच अन्न जेवतात. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे सगळी शाळा झाडू, फडकी आणि बादल्या घेऊन कामाला लागते. वर्ग, जिना, संडास, सारे मुलेच साफ करतात. ह्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण डॉक्टरचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा एकाच बादलीत फडके पिळतात. जे काम सर्वांच्या वाट्याला येते, ते कोणत्याही एका जातीच्या कपाळी लिहिले जात नाही. ही गोष्ट भारतीय प्रवाशाने थांबून पाहण्यासारखी आहे. मात्र ह्या जेवणाचा इतिहासही वैभवाचा नाही. पराभवानंतरच्या उपासमारीत, १९४६ च्या डिसेंबरात, परदेशातून मदत म्हणून आलेल्या अन्नावर टोकियोत शालेय जेवण पुन्हा सुरू झाले. दुधाच्या भुकटीचे ते दूध कित्येक मुले नाक दाबून पीत. १९५४ साली त्यासाठी कायदा झाला आणि दारिद्र्यात सुरू झालेली सोय शिक्षणाचे अंग बनली.

हरवलेल्या पाकिटाची गोष्टही अशीच. जपानी माणूस प्रामाणिक असतो, ह्यात शंका नाही. परंतु त्या प्रामाणिकपणाला चालायला एक वाट बांधून दिलेली आहे. कोबान म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. अशा सुमारे सहा हजार चौक्या देशभर आहेत आणि शहरात तर त्या चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात. सापडलेल्या वस्तूंविषयीचा कायदा १८९९ सालचा. त्याची नवी आवृत्ती २००७ पासून अमलात आली. वस्तू आणून देणाऱ्याला मालकाकडून तिच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागण्याचा हक्क आहे, आणि तीन महिन्यांत मालक सापडला नाही तर बहुतेक वस्तू सापडणाऱ्याच्याच होतात. लहान मूल दहा येनचे नाणे घेऊन चौकीत गेले तरी पोलीस त्याला हसून घालवीत नाही. तो रीतसर नोंद करतो. २०१८ साली एकट्या टोकियोच्या पोलिसांकडे चाळीस लाखांहून अधिक वस्तू जमा झाल्या. त्यांतील छत्र्यांचे धनी मात्र क्वचितच येतात, कारण नवी छत्री विकत घेणे सोपे पडते. म्हणजे जपानी माणूसही आपल्यासारखाच सोय पाहतो. प्रामाणिकपणा सोयीचा करून ठेवला, एवढाच तो फरक.

आता ह्या दिवसाची दुसरी बाजू. फलाटावर आखलेल्या रेषांमागे रांगा लावणारे उतारू पाहून मुंबईच्या माणसाला हेवा वाटतो. परंतु १९५५ साली टोकियोच्या शिंजुकू स्थानकावर गर्दीला डब्यात ढकलण्यासाठी विद्यार्थी नेमावे लागले होते. गर्दी शिस्तीची असली तरी स्त्रियांना ती सुरक्षित नव्हती. त्यांना होणाऱ्या उपद्रवामुळे २००१ सालापासून टोकियोच्या परिसरात एकामागून एक मार्गांवर स्त्रियांसाठी राखीव डबे सुरू झाले. मुंबईच्या लोकलमध्ये स्त्रियांचा डबा फार पूर्वीपासून आहे, हे येथे आठवते.

वक्तशीरपणाचीही किंमत आहे. १९६४ पासून धावणाऱ्या शिन्कान्सेन गाड्यांचा सरासरी उशीर फार थोडा असतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एक उपनगरी गाडी वळणावर रुळावरून घसरून एका इमारतीवर आदळली आणि चालकासह १०७ माणसे मरण पावली. गाडीला उशीर झाला होता, एका मिनिटाहून थोडा अधिक. आधीच्या स्थानकावर झालेल्या चुकीबद्दल आपल्याला पुन्हा अपमानास्पद 'प्रशिक्षणा'ला बसावे लागेल, ही धास्ती तेवीस वर्षांच्या त्या चालकाच्या मनात होती, असे चौकशीत पुढे आले. जी शिस्त चुकीला क्षमा करीत नाही, ती एखाद्या सकाळी अशी वसुली करते. कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो टाळण्याच्या उपायांसाठी २०१४ साली कायदा करावा लागला.

आळीतील मंडळांची कथाही अशीच दुहेरी. सूचनांची फळी एका दारातून दुसऱ्या दारी फिरविणारी, जाळी कोणी उचलायची हे ठरविणारी ही मंडळे शेजारधर्माचे प्रतीक वाटतात, आणि भूकंपाच्या वेळी ती खरोखरीच उपयोगी पडतात. परंतु १९४० साली सरकारने पाच-दहा घरांचे गट सक्तीने बांधले होते. त्यांच्याकडून शिधावाटप करून घेतले, आणि शेजाऱ्यावर शेजाऱ्याची पाळतही ठेवविली. १९४७ साली ते गट मोडण्यात आले. मदतीचा हात आणि पाळतीचा डोळा हे एकाच खिडकीतून बाहेर येऊ शकतात, हा धडा जपानी माणसाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आज तर ह्या आळ्याच ओस पडत आहेत. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास सर्वाधिक होती. तेव्हापासून ती घटत आली आहे. दर दहांतील जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. २०२३ च्या पाहणीत देशातील सुमारे नव्वद लाख घरे रिकामी आढळली. एकाकी मृत्यू पावलेल्या वृद्धाचा पत्ता शेजाऱ्यांना उशिरा लागावा, अशा घटना वारंवार घडू लागल्या, तेव्हा सरकारने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला आणि २०२३ साली त्याविषयी कायदा केला. जे समाजाने पूर्वी न सांगता केले, ते आता कायद्याने करावयाचे आहे. ही नवी सवय जपानी लोकांना लागेल की नाही, हे आणखी काही वर्षांनी कळेल.

तेव्हा परदेशच्या रोजच्या जीवनातील एखादी गोष्ट मनात भरली, तर प्रवाशाने तीन प्रश्न विचारावेत. ही सवय कोणी लावली, ती लागायला किती वर्षे गेली, आणि तिची किंमत कोणी मोजली? ही उत्तरे मिळाली म्हणजे स्तुती कमी होते, पण उपयोग वाढतो. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. जिन्झो नारुसे ह्यांनी ते विद्यापीठ १९०१ साली स्थापन केलेले. जपानी स्त्रिया जात्याच हुशार, असे म्हणून अण्णांनी ती पुस्तिका बाजूला ठेवली नाही. तेथे शिकवितात काय, चालवितात कसे, हे त्यांनी पाहिले. १९१५ च्या अखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून ती कल्पना मांडली. आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. जपान तोवर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. १९२९-३० च्या जगप्रवासात ते टोकियोच्या त्या विद्यापीठात जाऊन आले, तेव्हा त्यांची स्वतःची संस्था चौदाव्या वर्षात होती.