भरपाईची हमी
शेअर सर्टिफिकेट हरवलं की कंपनी स्टॅम्पपेपरवर इंडेम्निटी बाँड मागते. सही करण्याआधी तो नीट वाचा. उद्या त्या शेअरवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला, तर कंपनीचं नुकसान भरून द्यायचं तुम्ही कबूल करत असता. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 124 मध्ये अशा हमीची व्याख्या आहे. पण भरपाई मागायला आधी स्वतःच्या खिशातून पैसे जावे लागतात का? 1942 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला म्हणाले, नाही; देणं पक्कं झालं की पुरे. फार न्याय्य निकाल! ज्याच्याकडे भरायला पैसाच नाही, त्याला एरवी हमीचा काय उपयोग? आगीचा विमाही भरपाईच्याच तत्त्वावर चालतो; त्यात दहा लाखांचा विमा असला, तरी चार लाखांचा माल जळल्यास चारच लाख मिळतात. आयुर्विम्याला हा हिशेब लागू नाही.