कुंपण आणि शेत

माझें सारें आयुष्य लोणंदसारख्या बाजाराच्या गांवीं मुलांना नफा-तोट्याचीं गणितें शिकविण्यांत गेलें. "एका व्यापाऱ्यानें अमुक रुपयांस घेतलेला माल तमुक रुपयांस विकला, तर त्यास शेंकडा किती नफा झाला?" हा प्रश्न मीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल, याची गणना नाहीं. या गणितांत एक माणूस नेहमीं अनुपस्थित असतो. ज्यानें तो माल स्वस्तांत दिला त्याचें पुढें काय झालें, हें पुस्तक विचारीत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मींहि कधीं विचारलें नाहीं. आज त्या माणसाविषयीं बोलण्याचें कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वीं मला आलेला एक फोन.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस शेअरदलालाच्या पेढींत नोकरीस आहे. मुलगा हुशार आणि कृतज्ञ. मी निवृत्त झालों असून हातीं थोडी रक्कम आली आहे, हें त्यास ठाऊक होतें. एके रात्रीं तो म्हणाला, "गुरुजी, एका कंपनीचा मोठा करार पुढच्या आठवड्यांत जाहीर व्हावयाचा आहे. बाहेर कोणास ठाऊक नाहीं. तुम्ही उद्यांच शेअर घेऊन ठेवा. ही माझी गुरुदक्षिणा समजा." मी "पाहतों" म्हणालों. त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. आणि ती सारी रात्र नीतिविचारांत गेली, असा आव मी आणणार नाहीं. धाकट्या मुलीचें लग्न व्हावयाचें होतें.

मनाची समजूत घालणें फार सोपें होतें. मी चोरी करीत नव्हतों. शेअर विकणारा आपखुषीनें विकणार, मी रोख पैसे मोजून घेणार. यांत कोणाचें काय बिघडतें? पण लोणंदच्या माणसास हा प्रश्न फार वेळ फसवूं शकत नाहीं, कारण आमच्या गांवीं कांद्याचा बाजार आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. समजा, ही बातमी आदल्या सकाळीं एकट्या एका साठेवाल्यास कळली असती, तर त्यानें वखारींतील सारा माल त्याच दिवशींच्या भावानें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधला असता. घेणाऱ्यानेंहि आपखुषीनेंच घेतला असता. आणि दुसऱ्या दिवशीं कपाळावर हात मारला असता.

शेअरबाजारांत हा दुसरा माणूस सहसा दिसत नाहीं. मात्र एका प्रकरणांत तो स्पष्ट दिसला, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. २५ मार्च १९९६ रोजीं हिंदुस्थान लिव्हर या कंपनीनें ब्रुक बाँड लिप्टन इंडिया या चहाच्या कंपनीचे आठ लाख शेअर युनिट ट्रस्टकडून, दर शेअरास ३५० रुपये ३५ पैसे या भावानें, विकत घेतले. हा भाव बाजारभावाहून चढा होता, त्यामुळें विकणाऱ्यास सौदा फायद्याचाच वाटला असणार. शेतकऱ्यास बांधावर दोन रुपये अधिक मिळाले कीं तो बाजारापर्यंत जात नाहीं, तसेंच हें. पुढें चार आठवडेहि लोटले नाहींत तोंच, १९ एप्रिल रोजीं, या दोन्ही कंपन्या एक होणार असल्याची घोषणा झाली. दोन्ही कंपन्या युनिलिव्हर या एकाच परदेशी घराण्याच्या. म्हणजे घेणाऱ्यास घरांतील बेत ठाऊक आणि विकणारा दाराबाहेर उभा! हा विकणारा तरी कोण? युनिट ट्रस्टमधील पैसा हा कारकुनांचा, शिक्षकांचा, विधवांचा, थेंबें थेंबें सांचलेला. 'सेबी' या नियामक मंडळानें ११ मार्च १९९८ रोजीं हुकूम दिला कीं, कंपनीनें युनिट ट्रस्टला ३ कोटी ४ लक्ष रुपये भरपाई द्यावी. भागाकार केला तर दर शेअरामागें ३८ रुपये होतात. अनुपस्थित माणसाचा तोटा असा आंकड्यांत मांडलेला मीं प्रथमच पाहिला.

कंपनीस हा आरोप मान्य नव्हता. तिनें अपील केलें आणि त्याच वर्षीच्या जुलैंत केंद्र सरकारच्या अपील-अधिकाऱ्यांनीं हा हुकूम रद्द केला. विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत आधींच येऊन गेली होती, सबब ती बातमी गुप्त नव्हती, असें त्यांचें म्हणणें पडलें. निकाल तो निकाल. पण मला तो आजतागायत पटलेला नाहीं. पारावरची कुजबूज आणि घरच्या माणसाची खात्री या एकच गोष्ट कशा? पुढें २००२ मध्यें नियम बदलून, वर्तमानपत्री तर्कवितर्क म्हणजे प्रसिद्ध झालेली माहिती नव्हे, असा स्पष्ट खुलासा त्यांत घालण्यांत आला, तेव्हां थोडें बरें वाटलें.

अमेरिकेंत यासाठीं माणसें तुरुंगांत जातात. तिकडे 'हेज फंड' नांवाच्या संस्था आहेत. हेज म्हणजे कुंपण. भाव वर जावो वा खालीं, पैशाभोंवतीं कुंपण घालावें, ही मूळ कल्पना. त्यांत मोठे धनिक पैसा ठेवतात, तसा शिक्षकांच्या पेन्शन-फंडांचा पैसाहि ठेवला जातो. गॅलिअन नांवाच्या अशाच एका फंडाचे चालक राज राजरत्नम्, आणि त्यांचे स्नेही रजत गुप्ता. गुप्ता कलकत्त्याचे, मोठे विद्वान्, गोल्डमन सॅक्स या बँकेचे संचालक. २३ सप्टेंबर २००८ रोजीं, बँका कोसळत असतांना, वॉरन बफे यांची कंपनी गोल्डमनमध्यें पांच अब्ज डॉलर घालणार, हें संचालकांच्या सभेंत ठरलें. सभा संपतांच गुप्तांचा राजरत्नम् यांस फोन गेला आणि बाजार बंद होण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतां गॅलिअननें गोल्डमनचे शेअर उचलले. राजरत्नम् यांस अकरा वर्षें आणि गुप्तांस दोन वर्षें तुरुंगवासाची शिक्षा झाली. गुप्तांच्या स्वतःच्या हातीं त्या सौद्याचा रोख पैसा आला, असें कोणी दाखविलें नाहीं. त्यांनीं केवळ बातमी दिली होती. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें आपण म्हणतों. येथें कुंपणाला वाट राखणदारानें दाखविली.

आपल्याकडेहि बातमी घेणारा आणि देणारा असे दोघेहि दोषी ठरतात. दंड पंचवीस कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जो अधिक होईल तेथपर्यंत जाऊं शकतो. शिवाय त्या मुलाची नोकरी! माझ्या मनांत ही गोष्ट सर्वांत शेवटीं आली, याची लाज वाटते.

सकाळीं मीं त्याला फोन करून विचारलें, "बाळ, तुझ्या या दक्षिणेचे पैसे कोण देणार आहे?" तो म्हणाला, "गुरुजी, विकणारा कोण तें कधीं दिसतच नाहीं." मी म्हणालों, "तोच तर प्रश्न आहे." तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग प्रकृतीची चौकशी करून त्यानें फोन ठेवला.

करार ठरल्याप्रमाणें जाहीर झाला. भावहि चढला. किती मिळाले असते याचा हिशेब मीं पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिला, तोहि दोनदां. लग्न शिक्षकांच्या पतपेढीच्या कर्जावर झालें. हप्ते अजून चालूं आहेत. तो विद्यार्थी लग्नास आला होता, पंगतींत वाढावयासहि उभा राहिला. त्या फोनचा विषय त्यानें काढला नाहीं, मींहि काढला नाहीं.