वायफाय, कर्नल आणि बाहेरचा ड्रायव्हर



मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नाही. युनियनच्या कचेरीत धडपडून जे शिकलो तेवढेच आज सांगणार आहे.

आमच्या कचेरीत एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स चालते. वेतनकराराच्या बोलणीच्या आदल्या रात्री त्यावर नवे कर्नल बसवले. सकाळी पाहतो तो वायफाय गायब! मागण्यांचा मसुदा नऊच्या आत सहकाऱ्यांना पाठवायचा होता. आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, कार्ड जळालं. नवं आणू." मी म्हटले, "थांब बाबा. काल कामावर असलेला माणूस आज हजेरीवर दिसला नाही म्हणून तो मेला असं आपण धरतो काय?"

यंत्र पुन्हा चालू केले. आरंभी ग्रबची यादी येते, तीत मागचे कर्नल राखून ठेवलेले असते. ते निवडले आणि वायफाय हजर! मसुदा वेळेत गेला. म्हणून सांगतो, नवे आले की जुने कर्नल लगेच पुसून टाकू नका.

पण असे झाले का? कर्नल म्हणजे यंत्रातला मुकादम, आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचा हुकूम वायफायच्या चिपला समजेल अशा भाषेत सांगणारा दुभाषा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत हे कर्नल लिहावयास घेतले. त्यांचा दंडक असा की, बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडावयाचा नाही. आतल्या व्यवस्थेबद्दल मात्र कोणतेच वचन नाही! ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तसे कर्नलच्या दस्तऐवजांतच लिहून ठेवले आहे. प्रथम वाचले तेव्हा मला ही अरेरावी वाटली. पण पुढे एक अट आहे: आतला सांधा जो बदलील, त्यानेच कर्नलमधले सारे ड्रायव्हर त्याप्रमाणे दुरुस्त करावयाचे. म्हणजे आतल्याला संरक्षण आहे. बाहेरच्याला कोण विचारतो? कंत्राटी कामगाराची गोष्ट तुम्हांस ठाऊकच आहे.

आमचा ड्रायव्हर असाच बाहेरचा. त्याचा गाभा कंपनीने बंद ठेवलेला, आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याची जुळणी पुन्हा करावी लागते. हे काम डीकेएमएस नावाची सोय आपोआप करते. पण तिला त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. आमच्याकडे त्या आल्याच नव्हत्या. फोन केबलने जोडला, त्याच्या इंटरनेटवरून हेडर उतरवून घेतले, जुळणी केली, आणि नव्या कर्नलवरही वायफाय लागले. काही यंत्रांत सिक्युअर बूट असल्यास सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवला जातो, तेही तपासावे. आणि सर्वांआधी आरएफकिल ही आज्ञा देऊन रेडिओचे बटणच बंद नाही ना, हे पाहावे. यात मी स्वतः एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

कंपनीला गुपित राखण्याचा हक्क असेल. पण त्याची झळ आम्ही सोसतो. अथेरॉस कंपनीने २००८ साली आपला एक ड्रायव्हर खुला केला आणि तो कर्नलमध्ये गेला. मग हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

पुढे नवा लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराला आधी वायफायच्या चिपचे नाव विचारले. तो पाहतच राहिला. शेवटी मीच खिशातला लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, ड्रायव्हर कर्नलच्या आतला आहे याची खात्री केली, आणि मग पैसे मोजले.