उपटलेल्या रोपांचा हिशेब

(अमेरिकेतील स्थानिक प्रशासनात काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



मी ओरेगॉनमधल्या एका कौंटीच्या हिशेबखात्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे त्याच खात्यातला एक प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. गांजा कायदेशीर झालेल्या राज्यात बेकायदा गांजा पकडण्याचा खर्च कुणी करायचा, आणि तो पैसा नेमका कशावर लावायचा?

हा विषय आपल्या घरांत कुणी काढत नाही, हे मला ठाऊक आहे. ‘त्या गांजाशी आपलं काय देणंघेणं?’ असं म्हणून आपण ताट पुढे ओढतो. पण मालमत्ता कर आपण भरतो, विहिरीचं पाणी आपण पितो, आणि रात्री 911 फिरवल्यावर कुणीतरी यावं अशी आपलीही अपेक्षा असते. देणंघेणं तिथेच सुरू होतं.

जोसेफिन कौंटीचं उदाहरण घ्या. दक्षिण ओरेगॉनमधली ही जंगलाची कौंटी. संघराज्याच्या मालकीच्या जंगलातल्या लाकडाच्या उत्पन्नात 1937 च्या कायद्याने तिला वाटा मिळत होता. त्या वाट्यावर कारभार चालायचा, म्हणून घरमालकांवर कर जवळपास नव्हताच: हजार डॉलर मूल्याला सुमारे 59 सेंट. पुढे लाकूडतोड घटली, वाटा आटला, आणि मे 2012 मध्ये शेरीफसाठी जादा कर द्यायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. बहुतेक डेप्युटी घरी बसले. शेरीफच्या कार्यालयाने तेव्हा काढलेलं पत्रक मी आजही विसरलेले नाही. घरात मारहाण होण्याचा धोका असलेल्यांनी पुरेसं पोलीसबळ असलेल्या भागात राहायला जाण्याचा विचार करावा, असं त्यात लिहिलं होतं. एका सरकारी कार्यालयाने बायकांना सांगितलं की आम्ही येऊ शकत नाही, तुम्हीच गाव सोडा.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 2014 मध्ये, ओरेगॉनच्या मतदारांनी मेझर 91 हा सार्वमताचा प्रस्ताव मंजूर करून गांजा कायदेशीर केला. जोसेफिन आणि शेजारची जॅक्सन कौंटी म्हणजे या पिकाची उत्तम जमीन. जोसेफिनमध्ये राखणदार मात्र फारसा उरला नव्हता.

मेझर 91 ने कराची वाटणी ठरवून दिली होती: शाळांना 40 टक्के, मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला 20, राज्य पोलिसांना 15, शहरांना 10, कौंट्यांना 10 आणि राज्याच्या आरोग्यखात्याला 5. विक्री वाढेल तसा राखणीचा पैसाही वाढेल, असा तो हिशेब होता. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी मेझर 110 मंजूर केलं. त्यात ठरलं, की जुनी वाटणी वर्षाला 4.5 कोटी डॉलरपर्यंतच चालेल आणि वरचा सगळा पैसा व्यसनमुक्तीकडे जाईल. हेतू चांगला होता, मीही बाजूने मत दिलं. पण 4.5 कोटींचे 10 टक्के म्हणजे 45 लाख डॉलर, आणि ओरेगॉनमध्ये कौंट्या आहेत 36. हा भागाकार मतदानापूर्वी मी स्वतः करायला हवा होता.

पुढच्याच उन्हाळ्यात याच भागातल्या रोग नदीच्या खोऱ्यात आपल्याकडच्या पॉलिहाउससारखे प्लॅस्टिकचे बोगदे मैलोन्‌मैल उभे राहिले. 2018 च्या केंद्रीय शेती कायद्याने हेम्प, म्हणजे टीएचसी हा नशेचा घटक 0.3 टक्क्यांपर्यंतच असलेलं पीक, मोकळं केलं होतं. पुष्कळ ठिकाणी पाटी हेम्पची आणि आत गांजा. दुष्काळाचं वर्ष, तरी ओढ्यांतून पाणी उपसलं जात होतं, टँकर फिरत होते. मजूर तंबूत राहत होते, कित्येकांना मजुरी मिळत नव्हती. ऑक्टोबर 2021 मध्ये जॅक्सन कौंटीने आणीबाणी जाहीर केली. डिसेंबरात विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनाने 2.5 कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला मोठा भाग पोलीस आणि मजुरांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी होता, काही पाणीचोरी रोखण्यासाठी.

पैसा आला, हे चांगलंच झालं. पण अनुदानाचा पैसा कौंटीत शिरल्यावर काय होतं, ते मी आतून पाहिलं आहे. अनुदानाला मुदत असते, पगाराला नसते. दोन वर्षांच्या पैशावर तपास अधिकारी नेमायचा, तर त्याला शिकवून तयार करण्यातच पहिलं वर्ष जातं, आणि दुसऱ्या वर्षी तो कायम नोकरी शोधायला लागतो. म्हणून विभागप्रमुख सुरक्षित वाट धरतात: ओव्हरटाइम, गाड्या, ड्रोन. शेवटी अहवालात एक रकाना भरायचा असतो: किती रोपे नष्ट केली. तो आकडा भरायला सर्वांत सोपा. किती मजुरांना मजुरी परत मिळाली, किती ओढे पुन्हा वाहते झाले, असा रकाना माझ्या हातातल्या अर्जांवर कधीच नव्हता.

हा रोग आपल्या ओळखीचा आहे. ‘इतके लिटर रसायन नष्ट, हातभट्टी उद्ध्वस्त’ ही बातमी आपण लहानपणापासून वाचत आलो. धाड संपली की भट्टी पुढच्या नाल्यावर. कॅलिफोर्नियाने 1983 पासून हेलिकॉप्टरने गांजाचे मळे हुडकून उपटले. अखेर 2022 मध्ये त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलनी ती हंगामी मोहीम बदलून वर्षभराची केली आणि मजुरांची पिळवणूक, पर्यावरणाची नासाडी यांकडे लक्ष वळवलं. एवढं कळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

याहून वाईट वाट जप्तीची. 1984 च्या केंद्रीय कायद्याने जप्त मालमत्तेतला 80 टक्क्यांपर्यंतचा वाटा स्थानिक पोलिसांना मिळण्याची सोय झाली. ज्या गुन्ह्याचा बंदोबस्त करायचा, त्याच गुन्ह्यावर खात्याचं अंदाजपत्रक उभं करायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. चाळीस हजार डॉलरखालच्या रोख जप्तीत दोष सिद्ध झाल्याशिवाय वाटा घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये केला. तो सर्व राज्यांनी करावा.

आपण स्थलांतरितांनी सिस्कियू कौंटीकडेही पाहायला हवं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्या कौंटीत माउंट शास्ताच्या परिसरात आग्नेय आशियातून आलेली हमोंग कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथे बेकायदा लागवड होती, हे खरंच. पण कौंटीने 2021 मध्ये पाण्याच्या टँकरवर जे निर्बंध घातले, त्यांनी लागवड न करणाऱ्यांच्याही घरचं पिण्याचं, आंघोळीचं, जनावरांचं पाणी तुटलं. सप्टेंबर 2021 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या नियमांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. राखण हवी म्हणणाऱ्या माझ्यासारखीने हेही तितक्याच ठामपणे म्हणायला हवं, की आडनाव पाहून होणारी राखण मला नको.

मग हवं काय? एक जुना दाखला घ्या. 1893-94 च्या हिंदुस्थानातल्या भांग-गांजा आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि बंदीऐवजी परवाना, कर आणि देखरेख सुचवली. बंगालमध्ये नौगावला तेव्हा परवानाधारक शेतकऱ्याचं पीक सरकारी नजरेखाली वाढत होतं, सरकारी गोदामात जमा होत होतं. कर आणि पहारा हे एकाच कामाचे दोन हात होते. साम्राज्याचा स्वार्थ त्यात होताच, पण ही समज योग्य होती. गांजावरच्या करातून पहिला खर्च देखरेखीचा निघावा, आणि तो पगाराच्या रूपाने, दरवर्षी, मुदतीविना निघावा. त्यातून तपास अधिकारी नेमावेत. त्याच पैशातून वॉटरमास्टरला, म्हणजे आपल्या भाषेत पाटकऱ्याला, मदतनीस मिळावा. मजुरांची भाषा बोलणारा कामगार निरीक्षक आणि दुभाषी मिळावा. परवाना काढून, कर भरून, प्रत्येक रोपाला चिठ्ठी लावून शेती करणारा माणूस आज चोरट्या मालाच्या भावापुढे मोडतो आहे. त्याला सरकारने दिलेला शब्द फक्त अशाच राखणीतून पाळला जाईल.

हातातला पैसा कशावर लावायचा, हे वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही, कौंटीच्या अंदाजपत्रकात ठरतं. ओरेगॉनच्या कायद्यानुसार अंदाजपत्रक समितीत निवडून आलेल्या सदस्यांइतकेच साधे मतदार बसतात, आणि आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. माझ्या सगळ्या नोकरीत त्या खुर्च्यांवर मी एकही मराठी माणूस पाहिला नाही. मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च पैशापैशाने तपासणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. तुमच्यातल्या मतदारांना माझी विनंती आहे: घरी गेल्यावर आपल्या कौंटीच्या कार्यालयात फोन करा, तुमच्या राज्यात अशी समिती आहे का ते विचारा, आणि असेल तर रिकाम्या जागेसाठी अर्ज करा.