अपरिचितांशी वाद घालताना

निपाणीहून बेळगावला निघालेल्या बसमध्ये शेजाऱ्याशी बोलणे सुरू व्हावयास वेळ लागत नाही. गाव कोणते, पाऊस कसा झाला, तंबाखूला भाव काय मिळाला, मुलगा कोठे शिकतो, इतक्या चौकशा होईपर्यंत संकेश्वर येते. आणि तेथून थोडे पुढे जाताच सीमेचा विषय हटकून निघतो. मग अर्धी बस त्यात भाग घेते. एक जण मराठीत बोलतो, दुसरा कानडीत उत्तर देतो, तिसरा दोन्ही भाषांची सरमिसळ करतो आणि सर्वांना सर्व समजते. आवाज चढतात, पण संबोधने सुटत नाहीत. वयाने वडील असलेला पुरुष ‘अण्णा’ आणि बाई ‘अक्का’, मग घरची भाषा कोणतीही असो.

हा वाद मिटत नाही, पण तो बिघडतही नाही. याची कारणे साधी आहेत. समोरच्याचा चेहरा दिसत असतो. आपला शब्द त्याला लागला की ते त्याच्या डोळ्यांवरून कळते. शिवाय उद्या त्याच्याच गावच्या बाजारात जावयाचे असते. आज ज्याच्याशी भांडलो, तो उद्या आपला गिऱ्हाईक किंवा सोयऱ्याचा सोयरा निघण्याचा संभव असतो.

श्रोतेहो, गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा वाद बसच्या बाकावरून मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे. यंत्राने माणसाची वाणी दूर नेली, ही मोठीच सोय झाली. निपाणीच्या तरुणाला बंगळूरच्या वकिलाशी घटनेच्या कलमावर वाद घालता येतो, ही गोष्ट त्याच्या आजोबांना अशक्य होती. परंतु पडद्यावरच्या अपरिचिताला गाव नसते, वय नसते. पुष्कळदा खरे नावही नसते. आपण बोलतो एकाशी आणि ऐकतात हजारो. मग समोरच्याला पटवून देण्यापेक्षा बघ्यांच्या टाळ्या मिळविण्याकडे लक्ष जाते.

याचा परिणाम काय होतो, हे सीमाभागाने प्रत्यक्ष भोगले आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावनजीक हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. तिकडे पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासण्यात आले. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एकनाथ शिंदे व बसवराज बोम्मई या दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसविले. त्या बैठकीनंतर त्यांनी जे सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या नेत्यांच्या नावाने ट्विटरवर बनावट खाती काढून लोकांच्या भावना भडकविण्यात आल्या होत्या आणि अशा लोकांवर गुन्हे नोंदविण्याचे ठरले होते. याचा अर्थ असा की, ज्यांच्या बोलण्याने माणसे चिडून उठली, त्यांतले काही बोलणारे मुळी अस्तित्वातच नव्हते.

पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून झालेल्या बोलाचालीत बेळगावजवळ एका बसवाहकाला मारहाण झाली. ती बातमी मोबाइलवरून पसरली आणि लगेच चित्रदुर्ग येथे महाराष्ट्राच्या एका बसचालकाच्या तोंडाला काळे फासले गेले. दोघेही पोटासाठी नोकरी करणारे. एकाने दुसऱ्याला कधी पाहिलेही नसेल. पुन्हा काही दिवस बसगाड्या बंद पडल्या. अशा वेळी कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेला निपाणीचा रुग्ण आणि कॉलेजात निघालेली मुलगी कोगनोळीच्या नाक्याअलीकडे अडकतात. वाद घालणारा मात्र आपल्या घरी सुखरूप असतो.

मग कायदा काय करतो? कायद्याने या बाबतीत एकदा चुकीचे पाऊल टाकले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मतासाठी अटक झाली. एकीने बंदविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली होती. त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ या कलमाला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन प्रकार वेगळे केले. एखाद्या मताची चर्चा करणे आणि त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, हा नागरिकाचा हक्क आहे; चिथावणीपाशी मात्र शासनाला हात घालता येतो. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमात भाषेच्या किंवा जन्मस्थानाच्या कारणावरून समाजांत वैर वाढविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण चर्चा आणि चिथावणी यांच्यामध्ये फार मोठा प्रदेश मोकळा आहे, आणि आपले रोजचे बोलणे त्याच प्रदेशात चालते. टोमणा, टवाळी, अर्धवट माहिती यांना कायद्यात शिक्षा नाही, आणि नसावी हेच बरे. तेथे राखण करावयाची ती आपली आपणच.

ती कशी करावी? पहिली गोष्ट, आकडा ऐकला की तो कशाचा, हे विचारावे. सीमाप्रश्नात कोणी ८१४ गावे म्हणतो, कोणी २६४, कोणी ८६५. आणि प्रत्येक जण दुसऱ्याला खोटा ठरवितो. वस्तुतः ८१४ ही महाराष्ट्राने महाजन आयोगापुढे मागितलेल्या गावांची संख्या आहे. २६४ ही आयोगाने १९६७ च्या अहवालात महाराष्ट्राला द्यावी म्हणून सुचविलेल्या गावांची. तीत निपाणी होते, बेळगाव नव्हते. त्याच अहवालाने २४७ गावे कर्नाटकाकडे जावीत असेही सुचविले होते. ८६५ हा आकडा २७ डिसेंबर २०२२ च्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावातला. तिघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर, भांडण निष्कारण.

दुसरी गोष्ट, बोलणाऱ्याचा ठावठिकाणा कळल्याखेरीज त्याचे बोलणे पुढे धाडू नये. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल असे बंधन घातले. यंत्राने बोटाला लावलेला हा लगाम आहे; मनाचा लगाम यंत्राला लावता येत नाही.

तिसरी गोष्ट, माणूस आणि त्याचे सरकार यांत फरक करावा. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल बसवाहकाच्या हाती नाही की भाजीवाल्या अक्कांच्या हातीही नाही.

आणि शेवटची गोष्ट, अपरिचिताला ‘तुम्ही’ म्हणावे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ जसे वेगळे, तसेच कानडीत ‘नीनु’ आणि ‘नीवु’. दोन्ही भाषांनी परक्याचा मान राखण्याची सोय करून ठेवली आहे. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते त्याने ठामपणे मांडावे. १९५६ पासून मनात सलणारे दुःख कोणी गिळून टाकावे असे मी म्हणत नाही. परंतु ते मांडताना समोरचा माणूस आपल्याच बाकावर, खिडकीपाशी बसला आहे आणि बेळगाव येईपर्यंत दोघांना एकत्रच प्रवास करावयाचा आहे, एवढे धरून चालावे.